काम लागलं, पण पंधरा दिवसांत पोरगं परत घरी! दिव्यांग कामगाराला टिकवणारा 'जॉब कोच' नेमकं काय शिकून येतो?

विशेष शाळेतून अठरा वर्षांचा होऊन बाहेर पडलेला मुलगा पुढं काय करतो, हे खेड्यात कुणाला विचारायची गरज नाही. तो ओट्यावर बसतो. सकाळी गुरांना पाणी दाखवतो, दुकानातून साखर आणतो, दुपारी टीव्ही बघतो. आई-बाप आहेत तोवर ठीक. त्यांच्या माघारी काय, हा प्रश्न त्या घरात रोज रात्री असतो, फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

मग कधीतरी ओळखीतून काम निघतं. रोपवाटिका असते, कांद्याचा खळा असतो, दुधाचं संकलन केंद्र असतं. मालक भला माणूस असतो. "पाठवा, बघू" म्हणतो. घरचे नवे कपडे घालून पाठवतात. आणि दहा-पंधरा दिवसांनी फोन येतो, "पोरगं गुणी आहे हो, पण त्याला जमंना. इथं बाया खोळंबतात."

फोन ठेवल्यावर घरात एकच अर्थ काढला जातो, आपल्या पोराला काही येणार नाही. पुन्हा कुणी प्रयत्न करत नाही. पण त्या पंधरा दिवसांत त्याला काम शिकवलं कुणी? मालकाला वेळ नव्हता. मुकादमाला वाटलं, एकदा सांगितलं म्हणजे झालं. शेजारच्या बाईनं दया येऊन त्याचं काम स्वतःच करून टाकलं. शिकवायला कुणी नव्हतंच.

या मोकळ्या जागेत उभं राहणाऱ्या माणसाला जॉब कोच म्हणतात. सरकारी आणि संस्थांच्या भाषेत एम्प्लॉयमेंट स्पेशालिस्ट. दिव्यांग माणसाला काम शोधून द्यायचं, मालकाशी बोलायचं, सुरुवातीचे दिवस कामाच्या जागेवर सोबत उभं राहून शिकवायचं आणि मग हळूहळू बाजूला व्हायचं, असं त्याचं काम. वाचायला सोपं वाटतं. पण त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, कारण नुसत्या चांगल्या मनानं केलेली मदत बऱ्याचदा उलटी पडते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यातले १ कोटी ८६ लाख खेड्यात राहणारे. कामावर असलेले मात्र साधारण ३६ टक्केच. म्हणजे हा विषय शहरातल्या मॉलचा आणि कॉल सेंटरचा नाही, आपल्या वाड्यावस्त्यांचाच जास्त आहे.

आधी ट्रेनिंग की आधी काम?

जुनी पद्धत अशी होती, आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे, की आधी माणसाला तयार करायचं. कार्यशाळेत बसवून मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या शिकवायच्या. 'तयार झाला' की नोकरी बघायची. अडचण इतकीच की तयार झाल्याचा दिवस उगवत नाही. वर्षं जातात, पोरगं तिशीला येतं आणि अजून पिशव्याच चिकटवत असतं.

अमेरिकेत १९७० च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकानं या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. ज्यांना काही येणार नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, अशा बौद्धिक दिव्यांग माणसांना त्यानं सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. अनेक सुटे भाग, ठरावीक क्रमानं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस शिकत नसेल तर शिकवायची दुसरी रीत शोधा. पुढं व्हर्जिनियात पॉल वेमन आणि त्याच्या सोबत्यांनी हे थेट खऱ्या नोकऱ्यांच्या जागी नेलं. आधी कामावर ठेवायचं, तिथंच शिकवायचं, मग पाठपुरावा करायचा. १९८६ मध्ये तिथल्या कायद्यानं या पद्धतीला सरकारी पैसा मिळू लागला.

मानसिक आजार असलेल्यांसाठीही पुढं अशीच एक पद्धत तयार झाली, तिला आयपीएस म्हणतात. तिचा नियम असा की, ज्याला काम करायचंय त्याला 'अजून तू तयार नाहीस' म्हणून थांबवायचं नाही. एका कोचकडे साधारण वीसच माणसं असावीत, असंही त्यात ठरलेलं आहे. आपल्याकडं एकेका माणसावर किती गावं टाकली जातात, हे आठवून वाचकांनी हा आकडा वाचावा.

कामाच्या जागीच का शिकवायचं, याचं कारण साधं आहे. बौद्धिक दिव्यांग माणसाला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं अवघड जातं. शाळेतल्या टेबलावर शिकलेली मोजणी खळ्यावर उपयोगी पडेलच असं नाही. खळ्यावरचं खळ्यावर शिकवावं लागतं. द्राक्षाची छाटणी कात्री हातात घेतल्याशिवाय कुणाला आली आहे?

तीन कप चहा

कोचचं काम मालकाच्या दारात सुरू होत नाही, पोराच्या घरी सुरू होतं. प्रशिक्षणात पहिली गोष्ट हीच शिकवतात की, प्रमाणपत्रावरची टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणूस बघा. सकाळी किती वाजता उठतो, आवाजाला घाबरतो का, एका जागी किती वेळ बसतो, घरातलं कोणतं काम न सांगता करतो. गुरांना पाणी पाजणारा पोरगा रोज त्याच वेळेला, न चुकता पाजत असेल, तर वेळ पाळणं हा गुण त्याच्याकडं आहे. प्रमाणपत्रावर तो लिहिलेला नसतो. आणि त्याला स्वतःला काय आवडतं हे त्याला विचारायचं. आईनंच उत्तर दिलं तर कोचनं पुन्हा मुलाकडं बघून विचारायचं.

मग मालक. आयपीएसच्या प्रशिक्षणात यासाठी 'तीन कप चहा' अशी रीत शिकवतात, आणि ही रीत आपल्याकडं कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. पहिल्या भेटीत फक्त ओळख, पुढची वेळ ठरवायची. दुसऱ्या भेटीत मालकाचा धंदा समजून घ्यायचा. काम कुठं अडतं, माणसं कधी कमी पडतात, कोणतं काम कुणालाच नको असतं. उमेदवाराचं नाव तिसऱ्या भेटीत. आपल्याकडं उलटं होतं. पहिल्याच भेटीत "एवढं पुण्याचं काम करा" म्हणून गळ घातली जाते. मालकही संकोचानं हो म्हणतो आणि पुण्य पंधरा दिवसांत संपतं.

मजुरीचं बोलणंही कोचनं आधीच करायचं असतं. 'शिकतोय अजून' या नावाखाली सहा महिने फुकट राबवून घेतल्याची तक्रार दिव्यांगांच्या घरांतून नेहमी ऐकू येते. शिकण्याचे दिवस किती, त्या दिवसांचे पैसे किती, नंतर रोजावर की नगावर, पैसे कुणाच्या हातात, हे पहिल्या दिवसाआधी ठरलं पाहिजे. कागदावर असेल तर उत्तमच.

एका ट्रेचे चौदा टप्पे

आता प्रशिक्षणाचा गाभा. समजा, पोरगं रोपवाटिकेत लागलं आणि मुकादम म्हणाला, "ट्रे भर." मुकादमाच्या दृष्टीनं हे एक काम. कोच ते आधी स्वतः करून बघतो आणि एकेक हालचाल लिहून काढतो.

गठ्ठ्यातून एक ट्रे सुटा करायचा (ट्रे एकमेकांत घट्ट बसलेले असतात, पहिली अडचण इथंच येते). टेबलावर ठेवायचा. भिजवलेलं कोकोपीट ओंजळीनं टाकायचं. हातानं पसरायचं. कोपऱ्यातले कप्पे भरले का ते बघायचं. ट्रे एकदा हलका आपटायचा. खाली बसलेल्या जागी परत भरायचं. वरचं जादा कोकोपीट सपाट काढायचं. खड्डे पाडायचे. प्रत्येक खड्ड्यात एकच बी. वरून झाकायचं. ट्रे उचलून नेऊन रचायचा. दहा झाले की थांबायचं. थप्पीवर प्लास्टिक टाकायचं.

झाले चौदा टप्पे. 'त्याला जमत नाही' हे वाक्य आता तपासता येतं. चौदातलं कोणतं जमत नाही?

समजा बारा जमतात, दोन जमत नाहीत. बी एकेक टाकणं जमत नाही, बोटं तेवढी चालत नाहीत. आणि दहा मोजता येत नाहीत. आता कोचच्या शिक्षणाचा कस लागतो. मोजणीसाठी तो थप्पीशेजारी एक काठी रोवतो आणि दहा ट्रे जिथं पोहोचतात तिथं लाल रंगाची रेघ मारतो. ट्रे रेघेला लागले की थांब. मोजणीची गरजच संपली. खर्च रंगाच्या डबीचा. आणि बी टाकण्यासाठी तो मालकाशी बोलून कामच वेगळं वाटतो. पोरगा ट्रे भरून पुढं सरकवेल, बिया टाकायला ज्या बायांचा हात चालतो त्या फक्त बियाच टाकतील. बायांचा ट्रे भरण्यात जाणारा वेळ वाचतो. मालकाला हे परवडतं म्हणून तो हे चालू ठेवतो, दया म्हणून नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीसुविधा असा शब्द आहे. तो ऐकला की लोकांना लिफ्ट आणि रॅम्प आठवतात. लाल रेघ हीसुद्धा तीच सोय.

दिव्यांगत्व बदललं की सोय बदलते, रीत तीच राहते. ऐकू न येणाऱ्या कामगाराला भोंगा कळत नाही, तिथं दिवा लावतात. न दिसणाऱ्याला जागेची वाट पायाखाली बसवावी लागते, आणि वस्तू रोज त्याच जागी ठेवायची सवय बाकीच्यांना लावावी लागते. मानसिक आजाराची गोळी घेणाऱ्याला सकाळी सुस्ती येत असेल तर त्याची पाळी उशिराची घ्यायची.

गप्प बसायला शिकणं

नव्या कोचची सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो फार बोलतो. "हं, आता घे, अरे तो नाही, तो दुसरा, हा, आता टाक, टाक ना." समोरचा माणूस ट्रेकडं बघायचं सोडून कोचच्या तोंडाकडं बघायला लागतो. एकदा ही सवय लागली की कोच गेल्याबरोबर काम थांबतं.

म्हणून मदतीची एक उतरंड शिकवतात. आधी थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे. बहुतेक लोकांना हेच जमत नाही, हात शिवशिवतात. पाच होऊनही तो हलला नाही तर थोडक्या शब्दांत सांगायचं. तेवढ्यानं झालं नाही तर बोटानं दाखवायचं. मग एकदा स्वतः करून दाखवायचं. आणि अगदी शेवटी, त्याला विचारून, हातावर हात ठेवून करून घ्यायचं. दर वेळेला सगळ्यात कमी मदतीपासून सुरुवात. घरी आपण नेमकं उलटं करतो, सरळ हातातून घेऊन करून टाकतो. त्यात प्रेम असतं, घाईही असते, पण पोरगं त्यातून एवढंच शिकतं की आपण थांबलो की दुसरं कुणीतरी करतं.

याची वही ठेवावी लागते. चौदा टप्पे उभे, तारखा आडव्या. प्रत्येक चौकटीत खूण: स्वतः केलं, सांगून केलं, दाखवून केलं, हात धरून केलं. आठ दिवसांनी वही उघडली की दिसतं की, सगळं सुधारलंय, फक्त कोपऱ्यातले कप्पे रोज राहतात. मग रीत बदलायची, मधून ओतण्याऐवजी भरायची सुरुवातच कोपऱ्यापासून करायची. वही नसेल तर कोच सांगतो "बरं चाललंय", मुकादम सांगतो "काही खरं नाही", आणि दोघंही अंदाजानं बोलत असतात.

हे सगळं भाषण ऐकून येत नाही. प्रशिक्षणात शिकणाऱ्यांनाच एकमेकांना एखादं अनोळखी काम शिकवायला लावतात, तेही शक्य तितकं न बोलता. घरी करून बघायचं असेल तर चहा करण्याचे टप्पे कागदावर लिहा आणि दुसऱ्याला कागदाप्रमाणे तंतोतंत वागायला सांगा. बहुतेक कागदांवर गॅस पेटवायचा राहून गेलेला असतो.

बाजूला होणं

कोच कायमचा सोबत राहिला तर ते अपयशच. पहिल्या आठवड्यात पूर्ण वेळ शेजारी, मग दहा पावलं लांब, मग शेडच्या बाहेर, मग अर्धाच दिवस, मग आठवड्यातून एकदा. किती दिवसांत, हे वही सांगते, कॅलेंडर नाही.

पण बाजूला होण्याआधी जागेवर कुणीतरी सापडावं लागतं. शेजारच्या ओळीत काम करणारी एखादी मावशी, समजूतदार मुकादम. तिला कोच दोनच गोष्टी शिकवतो: काय करायचं नाही, आणि कधी फोन करायचा. तिनं त्याचं काम करायचं नाही. जेवायला मात्र सोबत बोलवायचं. नोकरी काम न जमल्यानं जाते तशीच ती डबा एकटं खावा लागल्यानंही जाते. चेष्टा करणारा एखादा असतोच, आणि पोरगं चिडून ट्रे फेकतं तेव्हा दोष फेकणाऱ्याचा ठरतो. आधी काय घडलं, हे शोधणं कोचच्या शिक्षणाचाच भाग आहे.

मुकादम बदलला, हंगाम बदलला, मिरचीचे ट्रे जाऊन झेंडूचे आले, तर कोचला पुन्हा दोन दिवस यावं लागतं. हे दोन दिवस कुणाच्या खर्चात धरलेले नसतात. मुलाला कामाला लावल्याचा फोटो निघतो, आकडा कळवला जातो, आणि तिथून पुढं विचारणारं कुणी नसतं. बरीच कामं इथंच सुटतात.

घरच्यांची भीती खरी आहे

पहिली भीती पेन्शनची. संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. पोरगं कमावायला लागलं आणि अनुदान बंद झालं, वर कामही सुटलं, तर दोन्हीकडून गेलं. आई-बाप नको म्हणतात ते अडाणीपणानं नाही, हिशेबानं. आयपीएसमध्ये हा हिशेब आधीच मांडून देणं हे कोचचं ठरलेलं काम आहे. किती दिवस काम, किती पैसे, उत्पन्नाच्या दाखल्यावर काय येईल, हे तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारून मगच घरच्यांपुढं ठेवायचं. 'होईल काहीतरी' असं म्हणणारा कोच घरी परत बोलावला जात नाही.

दुसरी भीती मुलीची. तिला एकटीला पाठवायचं कसं? यावर गुळगुळीत उत्तर नाही. कोचनं जागा आधी बघायची, संडास कुठं आहे, दुपारी शेडमध्ये कोण असतं, येता-जाता सोबत कोण. मुलीला नको म्हणायला, ओरडायला आणि घरी येऊन सांगायला शिकवायचं. हे शिकवताना आईला जवळ बसवायचं. जागा पटली नाही तर काम सोडायचं, दुसरं बघायचं.

येण्याजाण्याचंही शिकवावंच लागतं. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण कोणत्या पाटीची गाडी आणि कुठं उतरायचं हे कार्ड सांगत नाही. कोच पहिले काही दिवस शेजारी बसतो, मग मागच्या सीटवर, मग स्टँडवर थांबतो.

हे शिकायचं कुठं?

आपल्याकडं या क्षेत्रातली मान्यता भारतीय पुनर्वास परिषद देते, इंग्रजीत आरसीआय. १९९२ च्या कायद्यानं तिला अधिकार मिळाले. तिच्याकडं नोंदणी होणाऱ्या व्यावसायिकांत दिव्यांगांसाठी काम करणारे व्यवसाय समुपदेशक आणि प्लेसमेंट ऑफिसरही येतात. बौद्धिक दिव्यांगांच्या व्यवसाय पुनर्वसनाचा वेगळा डिप्लोमा आहे, त्याला डीव्हीआर म्हणतात. या विषयातली राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे आणि तिचं विभागीय केंद्र नवी मुंबईत खारघरला. नोकरीच्या नोंदणीसाठी आणि मार्गदर्शनासाठी केंद्राच्या श्रम खात्याचं दिव्यांगांसाठीचं नॅशनल करिअर सर्व्हिस केंद्र मुंबईत आहे. अमेरिकेत कोचसाठी जो पायाभूत दाखला मानला जातो, त्याचं प्रशिक्षण किमान ४० तासांचं असतं. म्हणजे सुरुवात करायला वर्षं लागत नाहीत.

अडचण अंतराची आहे. मुंबईचं केंद्र तालुक्याच्या खळ्यावर येऊन उभं राहणार नाही. पंचायत समितीत किंवा तहसीलमध्ये 'जॉब कोच' अशी पाटी असलेलं टेबल नाही. पण ज्यांना हे शिकवता येईल अशी माणसं गावात आहेत: विशेष शिक्षक, बचत गटाच्या सीआरपी, आशाताई, अंगणवाडी सेविका, किंवा ज्यांच्या स्वतःच्या घरात दिव्यांग मूल आहे अशी आई. तिनं वीस वर्षं जे केलंय त्यातलं निम्मं अभ्यासक्रमातच आहे. उरलेलं निम्मं, म्हणजे थांबणं आणि बाजूला होणं, तिला सगळ्यात जड जाईल.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, हे आता गावोगाव माहीत झालंय. तो बहुतेक वेळा वर्षअखेरीला वाटून संपतो. गावातल्या एकाला असं प्रशिक्षण देण्यासाठी त्यातून काही करता येईल का, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी अर्जानं विचारता येतो. उत्तर ग्रामसेवकानं इतिवृत्तात घ्यायचं असतं.

ज्यांच्या घरात कामाच्या वयाचा दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी यूडीआयडी कार्ड, आधार आणि मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं एवढं आधी तयार ठेवावं. आणि उद्या सकाळपासून एका वहीत लिहायला लागावं: तो न सांगता काय करतो. कोच आला, तर पहिल्यांदा तीच वही मागेल.